वरच्या अण्णांचं बीपी

आमच्या पत्र्याच्या गोदामात एके काळी दोन अण्णा होते. एक वजनकाट्यावर बसायचे, ते खालचे अण्णा. दुसरे क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे, ते वरचे अण्णा. खालचे अण्णा निवृत्त होऊन गेले, तरी वरच्यांचं ‘वरचे’ काही सुटलं नाही. मालाची गाडी कधी भरणार असं एखाद्या नव्या ड्रायव्हरने विचारलं, की कुणीतरी हमखास सांगायचं, ‘ते सगळं वरच्याच्या हातात.’ ड्रायव्हर बिचारा हात जोडायच्या बेतात असायचा.

तसं ते खोटंही नव्हतं. आमच्याकडे पोलादी पत्रा गुंडाळ्यांत येतो. एकेक गुंडाळी भरलेल्या ट्रकच्या वजनाची. शेडच्या छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रूळ आहेत, त्यांवर क्रेन धावते आणि क्रेनच्या पोटाला काचेची एक खोली लटकलेली आहे. अण्णा सकाळी लोखंडी शिडीने त्या खोलीत चढायचे ते सुट्टीलाच उतरायचे. जेवणाचा डबा कापडी पिशवीत घालून दोरीने वर ओढून घ्यायचे. ‘चढ-उतर करायला गुडघे लागतात, जेवायला नुसतं तोंड पुरतं,’ असं त्यांचं म्हणणं. माणूस अंगाने आडवा, आवाजाने बारीक. चार माणसांत उभे राहिले की त्यांचं कुणी ऐकायचं नाही. बसमध्ये कंडक्टर त्यांना विसरून पुढे जायचा. पण वर बसले की त्यांच्या मनगटात कुठून काय यायचं कोण जाणे. गुंडाळी उचलताना हलायची नाही, ठेवताना आवाज व्हायचा नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी भिंतीचा रंगसुद्धा खरवडला नव्हता.

खाली त्यांचा जोडीदार होता, हातवारे. हे त्याचं आडनाव नव्हे. क्रेनवाल्याला वरून खालचं सगळं नीट दिसत नाही आणि आवाजात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून खालचा माणूस हातांनी खुणा करतो. बोट खाली करून फिरवलं की उतरव. मूठ वळली की थांब. एका हाताच्या खुणेपुढे दुसऱ्या हाताचा पंजा धरला की तेच, पण सावकाश. हातवारे हे काम इतकी वर्षं करत होता की घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी तो बोटांनी सांगायचा, असं त्याची बायको म्हणायची. दोघांचं दिवसभरात एक शब्द बोलणं व्हायचं नाही आणि तरी दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. अण्णा डोक्यावर थाप मारायचे म्हणजे चहा पाठव. हातवारे कान ओढायचा म्हणजे साहेब आलाय.

अण्णांना भीती एकाच गोष्टीची होती. खाली यायची.

क्रेन चालवणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते. डोळे, कान, साखर आणि बीपी. बीपी ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, की माणूस त्याच दिवशी खाली. नियम बरोबर आहे. वर बसलेल्या माणसाला घेरी आली तर खालचे चारजण मरतील. पण आमच्या मुकादमाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तो आधी दुसऱ्या शेडची क्रेन चालवायचा. तपासणीत नापास झाला, तेव्हापासून दाराशी स्टुलावर बसून हेल्मेटं वाटायचा. पगार तोच होता, पण महिनाभरात माणूस अर्धा झाला. ज्यांना तो वरून शिट्टी मारून बाजूला करायचा, ते आता हेल्मेट त्याच्या मांडीवर भिरकावून जायचे. त्याला मुकादम म्हणायचे तेही थट्टेनेच.

अण्णांचं बीपी बरीच वर्षं चढलेलं होतं. घरच्या मशीनवर एकशे सत्तर म्हणजे रोजचं. गोळी चालू होती, पण आठवण झाली तर, आणि आठवण वहिनींनाच व्हायची. वहिनी म्हणजे त्यांची बायको. घरी बसून शाळेच्या गणवेशांना काज-बटण करायच्या. त्यांचे वडील बीपी डोक्यात चढून एका बाजूने लुळे पडले आणि तसेच गेले. तेव्हापासून त्या मशीनवरचा आकडा हा वहिनींचा वैरी होता. तो वर गेला की त्यांचा जीव घशात, खाली आला की जीवात जीव. तो फार खालीही येऊ नये, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाच कशाला, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तर ही तपासणी पार कशी पडायची? त्याची एक रीत होती आणि ती अख्ख्या शेडला ठाऊक होती. तपासणीच्या आधीचे काही दिवस जेवण अळणी. गोळी दुप्पट. तपासणीच्या सकाळी आणखी एक, आणि मग नंबर लागेपर्यंत सामानाच्या खोलीत रिकाम्या पोत्यांवर डोळे मिटून पडून राहायचं. कुणाशी बोलायचं नाही, जिना चढायचा नाही, क्रिकेटचा स्कोर विचारायचा नाही. अण्णांच्या डब्यातली भाजी एकदा हातवारेने चाखली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, तपासणी जवळ आली वाटतं, की वहिनी रागावल्यात? कागदावर अण्णांचं बीपी कायम एकशे वीसच्या आसपास. गोळ्या चालू आहेत का, या रकान्यात कायम ‘नाही’.

त्या वर्षीच्या तपासणीच्या दिवशी अण्णा नेहमीपेक्षा लवकर उठले आणि खाटेच्या कडेला तसेच बसून राहिले. वहिनींनी विचारलं तर म्हणाले, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. दुखतंय का? दुखत नाही, जड आहे. डावा हात ते सारखा उघडत-मिटत होते. वहिनींनी कपाटातून मशीन काढलं, पट्टा बांधला. आकडा आला एकशे साठच्या वर.

दोघांनी तो आकडा पाहिला आणि दोघांनाही उलगडा झाल्यासारखं झालं. बीपी चढलंय, म्हणून छाती जड. शिवाय आज तपासणी, धास्ती घेतलेली असणार. नेहमीची गोळी झालीच होती, जास्तीचीही झाली होती. वहिनींनी आणखी एक काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती घेतली. नको जायला, असं वहिनी एकदा म्हणाल्या. अण्णा म्हणाले, आज नाही गेलो तर का नाही आलो म्हणून विचारतील, आणि मग वेगळं बोलावून तपासतील. आता निवृत्तीला थोडं राहिलंय, तेवढं वरूनच काढू दे. वहिनींनी डबा भरला. अळणीच.

सामानाच्या खोलीत अण्णा पडून होते तेव्हा हातवारे त्यांना बघायला गेला. पोत्यांवर घामाचा ओला डाग पडला होता. पंखा चालू होता. हातवारेने ‘काय?’ म्हणून हात उलटा केला. अण्णांनी मूठ वळून दाखवली. थांब, बोलू नको.

तपासणीला बाहेरून डॉक्टर येतात. रांग मोठी असते, ते तरी किती बघणार? त्यांनी पट्टा बांधला, आकडा वाचला आणि चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं. एकशे चौदा. या वयात एवढं छान बीपी म्हणजे कौतुक आहे, असं म्हणाले. घाम का आलाय, असं मात्र त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, धावत आलो. रांगेतल्या मंडळींनी माना खाली घातल्या आणि हसू दाबलं. धावत येणारे अण्णा कुणी जन्मात पाहिले नव्हते. कागदावर शिक्का बसला. बाहेर पडल्यावर मुकादमाने त्यांच्या हातात हेल्मेट दिलं आणि म्हणाला, जा वर, आणखी एक वर्ष आयुष्य वाढलं तुझं.

अण्णा शिडी चढले. मध्ये दोनदा थांबले. तेवढं हातवारेने पाहिलं, पण आज जरा दमले असतील म्हणून सोडून दिलं.

सकाळचं काम अर्धं झालं होतं. एक मोठी गुंडाळी उचलून गाडीकडे न्यायची होती. हातवारेने उचल म्हणून खूण केली, गुंडाळी उचलली गेली. पुढे घे म्हटलं, क्रेन पुढे सरकली. आणि मध्येच थांबली. गुंडाळी माणसांच्या डोक्यांवरून नेत नाहीत. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं काम करत होती. हातवारेने पुन्हा पुढे घे म्हटलं. काही हललं नाही. त्याने वर पाहिलं. अण्णांचा चेहरा काचेला लागला होता आणि त्यांचा एक हात काचेमागे हलत होता. ते खूण करत होते.

हातवारे सांगतो, मला आधी ती खूण कळलीच नाही. कारण आमच्या कामात खुणा खालून वर जातात. चहाची थाप सोडली तर वरून खाली कधी काही येत नाही. मी इतकी वर्षं त्या काचेकडे बघून हात हलवतोय, पण समोरून हात हललेला पहिल्यांदा पाहिला. अण्णा दोन्ही पंजे एकमेकांपासून दूर नेत होते. बाजूला व्हा.

हातवारेने शिट्टी फुंकली, ओरडून माणसं हटवली. शेड रिकामी झाल्यावर गुंडाळी उतरू लागली. सावकाश. ती लाकडी पाचरांत टेकली, तेव्हा आवाज झाला नाही, नेहमीसारखाच. साखळी सैल पडली. आणि मग काचेमागचा हात खाली गेला तो पुन्हा दिसला नाही.

दिवे बदलायला जो पिंजरा वापरतात, तो फोर्कलिफ्टवर उचलून फिटर मंडळींनी अण्णांना खाली आणलं. शुद्धीवर होते. अंग थंडगार, ओठ पांढरे. हातवारेला त्यांनी एवढंच सांगितलं, ‘तिला म्हणावं, गोळीचं बोलू नको.’

हे वाक्य हातवारेने वहिनींना इस्पितळाच्या दारातच सांगितलं. तिथे आणखी कुणी नव्हतं. वहिनी बटणं लावता लावता उठून आल्या होत्या. पदराला दोरा अडकलेली सुई तशीच होती. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती: सकाळी ती शेवटची गोळी आपण आपल्या हाताने दिली.

आत पडद्याआड अण्णांना मशीन लावलं होतं. पडदा पुरता ओढलेला नव्हता, त्यामुळे बाकावरून आकडे दिसायचे. आमचे सुरक्षा अधिकारी, ज्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणतात, तेही आले होते. शिस्तीचा माणूस, त्यांनी येताना सकाळच्या तपासणीचा कागद बरोबर आणला होता. इस्पितळात विचारतील, तर असावा.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. छातीचा आलेख बघून त्यांनी सांगितलं की हृदयविकाराचा झटका आहे, नस उघडायची तयारी सुरू केली आहे, थोडा वेळ लागेल. मग विचारलं, यांचं बीपी नेहमी किती असतं? सेफ्टीसाहेबांनी कागद पुढे केला. आज सकाळीच तपासलंय, एकशे चौदा. दरवर्षी तेवढंच असतं. गोळ्या काही नाहीत. डॉक्टरांनी कागद वाचला, वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसतीच, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पडद्याच्या फटीतून आकडा दिसत होता. एकशे चार. हातवारे वहिनींना हळूच म्हणाला, बघा, फार नाही चढलेलं. थोड्या वेळाने पट्टा पुन्हा फुगला, पुन्हा सुटला. अठ्ठ्याण्णव.

‘उतरतंय की,’ सेफ्टीसाहेब म्हणाले. ‘वहिनी, आता काळजी सोडा. बीपी उतरलं म्हणजे निम्मं काम झालं.’

वहिनींनाही क्षणभर बरं वाटलं. इतकी वर्षं जो आकडा खाली यावा म्हणून त्यांनी अळणी भाज्या केल्या, तो असा आपणहून खाली येत होता. त्यांनी पदराची सुई काढून नीट टोचून ठेवली. मग त्यांचं लक्ष सिस्टरच्या तोंडाकडे गेलं. सिस्टर आकड्याकडे बघत होती आणि तो बघून तिला बरं वाटत नव्हतं. तिने अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवली, पुन्हा आकडा पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली. मोठ्याने नाही. पण ज्या आवाजात आपण घरात जळाल्याचा वास आल्यावर हाक मारतो, तसल्या आवाजात.

वहिनी सांगतात, त्या वेळी मला जी भीती वाटली तशी आधी कधी वाटली नव्हती. वडील पडले तेव्हासुद्धा नाही. कारण तेव्हा कशाला भ्यायचं ते माहीत होतं. आता आकडा खाली येत होता आणि ज्यांना कळतं ती माणसं भीत होती. मग मी इतकी वर्षं कशाला भीत होते?

अण्णांनी छाती दुखत असल्याचं सांगितलं. सिस्टरने दुखणं कमी व्हायचं औषध जिभेखाली द्यायला आणलं. डॉक्टरांनी तिचा हात थांबवला. त्या पडद्याबाहेर आल्या आणि थेट वहिनींसमोर उभ्या राहिल्या.

‘मावशी, एक नीट सांगा. हे औषध दिलं की बीपी आणखी उतरतं. यांचं मुळातच कमी असेल तर गोष्ट वेगळी. पण मुळात जास्त असेल, तर आत्ताचं हे घसरलेलं आहे, मग मला हे देता येणार नाही. घरी कधी मोजलं होतं?’

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. फटीतून अण्णा त्यांच्याचकडे बघत होते. तोंडावर मास्क होता, त्यामुळे नुसते डोळे. पलंगाच्या कडेवर त्यांची मूठ होती. वळलेली. थांब, बोलू नको. ही खूण वहिनींना कुणी शिकवलेली नव्हती, पण एवढी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याची मूठ बायकोला कळते.

सेफ्टीसाहेब बाजूलाच उभे होते. हातात कागद, कागदावर शिक्का.

‘एकशे सत्तर,’ वहिनी म्हणाल्या. ‘रोजचं एकशे सत्तर असतं. आज पहाटे छाती जड झाली तेव्हा एकशे साठच्या वर होतं. तपासणीसाठी गोळ्या दुप्पट घेतल्यात, चार दिवस. आज सकाळची शेवटची मी दिली, माझ्या हाताने.’

डॉक्टरांनी त्यांना एका शब्दाने रागावलं नाही. गोळीचं नाव विचारलं. वहिनींना नाव येत नव्हतं, पण पट्टी पिशवीत होती. डॉक्टर आत वळल्या आणि पुढे सगळं भराभर झालं. जिभेखालचं औषध परत गेलं. पलंगाची पायाकडची बाजू उचलली, सलाईन मोठं सोडलं, दुसऱ्या हातालाही सुई लावली. मघापर्यंत ‘थोडा वेळ लागेल’ होतं ते आता ‘यांना आधी घ्या’ झालं. पलंग बाहेर काढला तेव्हा आकडा शहाऐंशी होता. पलंग वहिनींच्या अगदी पुढून गेला. अण्णांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांची मूठ सुटलेली होती.

मग बाकावर बसून राहण्यापलीकडे काही नव्हतं. हातवारेच्या हातांना चैन पडेना, तो ते मांडीखाली घालून बसला. सेफ्टीसाहेबांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. शेवटी वहिनींनीच विचारलं की आता यांना खाली आणणार ना. साहेब म्हणाले, वहिनी, आधी ते बाहेर तर येऊ देत, केबिनचं मग बघू. वहिनी म्हणाल्या, मग नको, आत्ता सांगा, म्हणजे एक भीती तरी संपेल. साहेबांनी उठून वहिनींसाठी पाणी आणलं. वहिनींना उत्तर मिळालं.

नस उघडली. मध्ये एकदा बीपी इतकं खाली गेलं होतं की ते वर आणायचं औषध लावावं लागलं, हे नंतर कळलं. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीची खूण उमटली होती. म्हणाल्या, आजची रात्र जपायला हवी, पण आत्ता ठीक आहेत.

हातवारेला राहवलं नाही. त्याने विचारलं, डॉक्टर, बीपी जास्त असलं तर वाईट ना? मग कमी झालेलं चांगलं का नाही?

डॉक्टरांनी त्याला उभ्या उभ्याच सांगितलं. रोजच्या जगण्यात चढलेलं बीपी वाईटच, त्यानेच तर नसा खराब होतात. पण झटका आलेला माणूस आमच्याकडे आला आणि त्याचं बीपी थोडं चढलेलं असलं, तर आम्ही समजतो की हृदयात अजून रेटा आहे. ‘असे पेशंट बरेचदा धडपणे घरी जातात. नेहमी नाही, पण बरेचदा. ज्यांचं उतरलेलं असतं, त्यांच्या पलंगापासून आम्ही हलत नाही. आणि एकशे सत्तरची सवय असलेल्या माणसाचं शंभर म्हणजे आमच्या हिशेबी उतरलेलंच. ते मला तुमच्या कागदावरून कळलं नसतं.’

सेफ्टीसाहेबांनी कागद खिशात घातला.

अण्णा पुन्हा क्रेनवर चढले नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. ते स्टुलावरही बसले नाहीत. नव्या क्रेनवाल्यांना शिकवायचं काम त्यांना मिळालं. सुरुवातीला पोरं ऐकायची नाहीत, कारण आवाज बारीक. मग अण्णांनी बोलणंच सोडलं आणि खुणांनी शिकवायला लागले, तेव्हा ऐकायला लागली. तपासणीही बदलली. आता न सांगता वर्षातून तीन-चारदा मोजतात, आणि जास्त निघालं तर आधी औषधाला मुदत देतात, लगेच खाली आणत नाहीत. त्यामुळे गोळी चालू आहे हे सांगायला लोक फारसे घाबरत नाहीत. सामानाच्या खोलीत आता पोतीच असतात. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना आत सोडलं. त्यांच्याबरोबर हातवारेलाही, जास्त बोलायचं नाही या अटीवर. त्याला ती अट सोपी होती. अण्णा उशीला टेकून होते. मास्क काढला होता. चेहरा ओळखू येत होता. डोक्यापाशी मशीन होतं आणि त्यावर एकशे दहा.

वहिनी स्टुलावर बसल्या. कसं वाटतंय, पाणी हवं का, असं थोडं झालं. मग अण्णांनी छताकडे बघत विचारलं, ‘साहेबाला कळलं?’

‘कळलं.’

‘कुणी सांगितलं?’

हातवारेने जमिनीकडे पाहिलं. त्याने नंतर मला सांगितलं की, मी सांगितलं असं म्हणावं हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण वहिनींनी वेळच दिला नाही.

‘मी.’

अण्णांनी मान फिरवली. एवढा आडवा माणूस, पण तोंड फिरवून त्या पलंगावर पडला तेव्हा लहान दिसायला लागला. मग त्यांनी भिंतीला सांगावं तसं सांगितलं, ‘मूठ दाखवली होती मी तुला.’

‘दिसली होती,’ वहिनी म्हणाल्या.

‘आता मुकादमासारखं ते स्टूल.’

‘असू दे.’

‘तुला काय होतंय असू दे म्हणायला! तुला माहितेय का वरून...’ त्यांचा बारीक आवाज एकदम चढला आणि तिथेच थांबला, कारण मशीनचा पट्टा आपणहून फुगायला लागला. तिघेही गप्प झाले. इतक्या वर्षांची सवय, पट्टा फुगताना बोलायचं नाही. हवा सुटली. आकडा बदलला. एकशे अठ्ठावीस.

वहिनींचा हात आपोआप छातीवर गेला. घरी असतं तर आतापर्यंत त्या उठून गोळी शोधायला लागल्या असत्या. त्यांनी वळून सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पलीकडच्या पलंगापाशी होती. तिने लांबूनच आकडा वाचला आणि काही न बोलता आपल्या कामाला लागली. तिला बरं वाटलं होतं.

वहिनींनी हात खाली घेतला. मग त्या स्टूल पुढे ओढून पलंगाला चिकटून बसल्या.

‘रागवा,’ त्या म्हणाल्या. ‘काय बोलायचंय ते बोला. आज चढलेलं चालतं.’

अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या हातवारेकडे. हातवारेने एक बोट खाली करून फिरवलं आणि त्याच्यापुढे दुसऱ्या हाताचा पंजा धरला. उतरव, पण सावकाश. अण्णांनी डोळे मिटले आणि डोक्यावर एक हलकी थाप मारली.

‘काय म्हणतायत?’ वहिनींनी घाबरून विचारलं.

‘चहा मागतायत,’ हातवारे म्हणाला.